पाचोळ्यातली गोचीड

गोचीड हा कीटक नव्हे. कोळी आणि विंचू यांच्या गोतातला, आठ पायांचा आणि निव्वळ रक्तावर जगणारा हा जीव आहे. गुरांच्या कानात किंवा कुत्र्याच्या मानेवर फुगून बसलेली करडी गोचीड सगळ्यांनी पाहिलेली असते. माणसाला धोका असतो तो मात्र बहुतेक वेळा तिच्या आधीच्या, नजरेला सहज न पडणाऱ्या अवस्थेपासून. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक जिथे एकमेकांना भिडतात त्या सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात या बारक्या गोचिडी माकडतापाचा विषाणू वाहतात. पावसाळ्यात जळवांच्या धास्तीने पायाला तंबाखू-मीठ चोळून निघणारे भटके हिवाळा-उन्हाळ्यात बिनधास्त अर्ध्या चड्डीवर त्याच रानात शिरतात, आणि गोचिडीचा खरा हंगाम नेमका तोच असतो.

गोचिडीचे आयुष्य अंडे, अळी, निंफ आणि प्रौढ अशा चार टप्प्यांचे. अंड्यातून बाहेर पडल्यावर प्रत्येक टप्प्यात तिला एकदाच पोटभर रक्त लागते आणि दर वेळी ती नवे जनावर गाठते. अळीला सहाच पाय असतात. ती उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर चरणारे पक्षी, माकड असे जे सापडेल त्याला चिकटते. रक्त पिऊन झाले की गळून पडते, कात टाकते आणि आठ पायांची निंफ होते. निंफचा आकार खसखशीच्या दाण्याएवढा. तीही असेच एक जनावर गाठते, पुन्हा गळते आणि प्रौढ होते. प्रौढ गोचिडीला मोठे जनावर लागते, म्हणजे गाय, म्हैस, गवा किंवा सांबर. तिथे पोट भरलेली मादी खाली पडते, पाचोळ्यात हजारोंनी अंडी घालते आणि मरते. एका टप्प्यात रक्तातून आलेला विषाणू कात टाकल्यावरही तिच्या शरीरात टिकतो आणि पुढच्या टप्प्यात पुढच्या जनावराला पोचतो. गोचीड हे रोगाचे वाहन कसे बनते, ते एवढ्यातच आले.

गोचीड उडत नाही, उड्या मारत नाही, झाडावरून अंगावर टपकतही नाही. ती गवताच्या पात्याच्या किंवा झुडपाच्या टोकाशी चढते, मागच्या पायांनी घट्ट धरते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून वाट पाहते. त्या पायांवर श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास ओळखणारी इंद्रिये असतात. कोणी घासून गेले की ती चिकटते. पाचोळ्यातल्या निंफ तर जेमतेम घोट्याच्या उंचीवर असतात. त्यामुळे मानेवर सापडलेली गोचीडही बहुधा पायापासून चालत तिथवर गेलेली असते. ती लगेच चावत नाही. कातडी पातळ, दमट आणि झाकलेली असेल अशी जागा शोधत कधी कधी तासन्‌तास हिंडते. हा मधला वेळ माणसाच्या फायद्याचा आहे.

जागा सापडली की ती कातडी कापून उलट्या काट्यांची सोंड आत रोवते. अनेक जाती भोवती सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडून स्वतःला पक्के करून घेतात. लाळेत जागा बधिर करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात. जळू निघून गेली तरी रक्त वाहत राहते, म्हणून तिचा चावा लपत नाही. गोचिडीच्या चाव्यात ना वेदना, ना रक्त, आणि सुरुवातीला खाजही बेताचीच. ती दिवसच्या दिवस चिकटून राहू शकते. माकडतापाच्या कित्येक रोग्यांना आपल्याला गोचीड चावली होती हेच आठवत नाही, त्याचे कारण हे.

माकडतापाचा इतिहास १९५७ सालापासून सुरू होतो. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडे मरून पडू लागली आणि जवळच्या गावांतली माणसे तापाने फणफणली. पुण्यात १९५२ साली सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तिथे पोचले. हेच केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. माकडे आणि माणसे एकाच वेळी दगावताना पाहून पहिली शंका आली ती पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. भारतात तो शिरला असता तर हाहाकार उडाला असता. केंद्राचे टेलफोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा केलेला विषाणू मात्र नवाच निघाला. रशियाच्या जंगलांत गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते होते. सैबेरियाचा हा सगासोयरा कर्नाटकच्या मलनाडात कसा आला? स्थलांतर करणारे पक्षी गोचिडी घेऊन आले असावेत असा तर्क निघाला. तो तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी पक्ष्यांच्या पायात कडी अडकवण्याचे मोठे काम हाती घेतले. पक्ष्यांवरचा आळ सिद्ध झाला नाही. भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया मात्र त्या निमित्ताने घातला गेला. तापाच्या साथीने पक्षीशास्त्राचे असे भले केल्याचे दुसरे उदाहरण चटकन सापडणार नाही.

विषाणूचे मुख्य वाहन ठरली ती हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड. जंगलातले उंदीर आणि चिचुंद्र्या यांच्यात विषाणू फारशी खळखळ न करता फिरत राहतो. वानर आणि लाल तोंडाचे माकड यांना मात्र तो मारतो. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो; त्या रक्तावर पोसलेल्या अळ्या निंफ होतात तेव्हा विषाणू घेऊनच होतात. शिवाय माकड मेले आणि अंग गार पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आसपास पसरतात. मेलेल्या माकडाभोवतीची जमीन त्या काळात सगळ्यात धोक्याची असते. गुरांची गोष्ट निराळी. त्यांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, पण प्रौढ गोचिडींचे पोट तीच भरतात. जंगलात चरायला सोडलेली गुरे त्यामुळे गोचिडींची संख्याही वाढवतात आणि त्यांना गावाच्या वेशीपर्यंतही आणतात.

कित्येक वर्षे हा आजार शिमोगा आणि शेजारचे जिल्हे एवढ्यापुरताच असल्याचे मानले जात होते. २०१२ साली तो बंदीपूरच्या जंगलात आढळला. तिथे मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणारे वनकर्मचारी आजारी पडले. २०१३ मध्ये केरळातल्या वायनाडात रुग्ण सापडला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाली गावात साथ आली आणि २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातला बांद्याचा परिसरही त्यात आला. नकाशावर ही ठिकाणे सह्याद्रीच्या एकाच हिरव्या पट्ट्यावर ओवलेली दिसतात.

सत्तरी आणि दोडामार्गात आजारी पडलेल्यांत काजूच्या बागेत राबणारी माणसे बरीच होती, आणि ते साहजिक आहे. प्रौढ गोचिडी पावसाळ्यात वावरतात, अळ्या पावसानंतर, आणि निंफ साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत. काजूचा हंगामही फेब्रुवारी ते मे. या दिवसांत बागेत घोटाभर वाळका पाला साचलेला असतो. काजूचे बोंड पिकून खाली पडते आणि बी गोळा करणारी बाई वाकून, प्रसंगी बसून, हाताने तो पाला चाळत पुढे सरकते. पाय अनवाणी किंवा चपलेत, साडी वर खोचलेली. निंफला याहून सोयीची परिस्थिती मिळणार नाही. लाकूडफाटा आणणारे, गुरे राखणारे, शिकेकाई-करवंदे गोळा करणारे यांचीही तीच गत. पर्यटकांचा वेळ जंगलात कमी जातो, म्हणून त्यांचा धोकाही कमी. पण दोडामार्गातल्या तिलारीच्या रानात छायाचित्रासाठी दोन तास पाचोळ्यात पालथा पडलेला हौशी छायाचित्रकार आणि काजू वेचणारी बाई यांच्यात गोचीड भेदभाव करत नाही. जोगचा धबधबा पाहायला जाणारे मराठी प्रवासी ज्या सागर तालुक्यातून जातात तिथेही २०१८-१९ च्या हंगामात मोठी साथ आली होती. डांबरी रस्त्यावरून धबधबा पाहून परतणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. आडवाटेने रानात शिरणाऱ्याने सावध राहावे.

चाव्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके फुटेल असे दुखते, अंग इतके मोडून येते की उठून बसवत नाही. तीन-चार दिवसांनी उलट्या, जुलाब, काहींना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. रक्तदाब उतरतो, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. बहुतेक जण आठवड्या-दोन आठवड्यांत बरे होतात. १० ते २० टक्के रोग्यांत मात्र मध्ये काही दिवस बरे वाटून ताप पुन्हा उलटतो, आणि या वेळी मान आखडणे, कंप, भ्रम अशी मेंदूची लक्षणे दिसतात. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के. या विषाणूवर नेमके औषध नाही. शरीरातले पाणी, रक्तदाब आणि रक्तस्राव सांभाळणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. कर्नाटकात कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवलेल्या मृत विषाणूची लस वापरात होती. तिचे डोस पुन्हा पुन्हा घ्यावे लागत आणि संरक्षण तोकडे पडे. २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. म्हणजे आज तरी चावा टाळणे हाच उपाय उरतो. एक दिलासा असा की हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही.

गोचिडींमार्फत येणारे इतरही आजार देशात आहेत. कुत्र्याच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडीतून येणारा टिक टायफस महाराष्ट्रातही आढळतो. ताप आणि अंगभर पुरळ ही त्याची खूण, आणि हे पुरळ तळहात-तळपायांवरही उठते. तो विषाणूमुळे नव्हे तर जिवाणूमुळे होत असल्याने डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, वेळेवर ओळखला तर. गुजरातेत २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात आढळलेला क्रायमियन-काँगो ताप गुरांवरच्या वेगळ्या गोचिडीमुळे येतो. तो रुग्णाच्या रक्तातून दुसऱ्याला लागतो, म्हणून रुग्णालयांना त्याचे भय जास्त. विदर्भात अधूनमधून गाजणारा स्क्रब टायफस मात्र गोचिडीचा नव्हे. तो चिगर माइट नावाच्या त्याहून बारीक जिवाच्या अळीमुळे होतो. चावा टाळण्याचे उपाय दोघांसाठी जवळपास सारखेच आहेत.

उपायांत पहिला नंबर कपड्यांचा. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण विजार आणि विजारीची टोके मोज्यात खोचलेली. शहरात हे ध्यान हास्यास्पद दिसेल, पण पायावरून चढणाऱ्या गोचिडीला कातडीऐवजी कापडच लागते आणि ती बाहेरून वर चढताना दिसते. त्यासाठी कपडे फिक्या रंगाचे असावेत. पावसाळी भटकंतीसाठी घेतलेले, गुडघ्यापर्यंत चढणारे घट्ट विणीचे जळूमोजे बरेच जण ऑक्टोबरनंतर कपाटात टाकतात; खरे तर डिसेंबरपासून ते पुन्हा बाहेर काढायला हवेत.

दुसरा उपाय अंगाला लावायच्या औषधाचा. डीट हे जगभर वापरलेले रसायन २० ते ३० टक्के प्रमाणात असेल तर काही तास गोचिडींना दूर ठेवते. भारतात ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेले डेपा हे तेल कर्नाटकच्या आरोग्य खात्याने साथीच्या गावांत वाटले आहे. डासांच्या साध्या मलमावर विसंबताना त्यात कोणता घटक किती टक्के आहे हे वेष्टनावर पाहावे. घामाने औषध धुपते, म्हणून चढणीच्या वाटेवर ते पुन्हा लावावे लागते. ते उघड्या कातडीवर लावायचे, कपड्यांच्या आत नाही. लहान मुलांच्या हातांना नाही, कारण हात तोंडात जातात. सनस्क्रीन लावायचे असेल तर ते आधी, हे नंतर. परदेशात कपड्यांवर आणि बुटांवर फवारायचे ०.५ टक्क्याचे पर्मेथ्रिन मिळते आणि ते फारच परिणामकारक असते; कपडे पूर्ण वाळल्यावरच घालावेत आणि ओले असताना मांजरापासून दूर ठेवावेत, मांजराला ते विष आहे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात खरजेसाठी मिळणारे पर्मेथ्रिनचे मलम हा त्याला पर्याय नव्हे.

रानात चालताना पायवाटेच्या मधून चालावे, कडेच्या गवताला घासून जाऊ नये. जेवायला किंवा विसाव्याला पाचोळ्यावर बसण्यापेक्षा उन्हातला मोकळा खडक बरा. गोचिडीला कोरडे ऊन मानवत नाही. तंबू ठोकताना गुरांच्या बसायच्या जागा आणि पडक्या गोठ्यांचा आसरा टाळावा. पाठपिशवी गवतात आडवी टाकण्यापेक्षा खडकावर ठेवावी, नाहीतर तिच्या पट्ट्यांतून गोचिडी गाडीत आणि घरात येतात. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा आणि वनखात्याला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. माकडांचे मरणे ही साथीची पहिली खबर असते.

या सगळ्यापेक्षा एक सवय जास्त उपयोगी: परतल्यावर अंग तपासणे. औषध विसरता येते, मोजा घसरतो, पण न चावलेली किंवा नुकतीच चावलेली गोचीड त्याच दिवशी काढली तर बरेच काही टळते. दोन तासांच्या आत साबण लावून अंघोळ केली तर हिंडत असलेल्या गोचिडी वाहून जातात. मग चांगल्या उजेडात पाहायचे: केसांची कड, कानामागे, काखा, बेंबी, कमरपट्ट्याची रेघ, जांघा, गुडघ्यांची मागची खोबण, बोटांच्या बेचक्या. निंफ डोळ्याला तिळासारखी वाटते; बोट फिरवल्यावर मात्र तीळ सपाट लागतो आणि गोचीड खडबडीत. पाठीसाठी आरसा किंवा सोबती. मुलांचे डोके मोठ्यांनी पाहावे. कपडे गार पाण्यात भिजत घालून गोचिडी मरत नाहीत. कडकडीत पाणी लागते.

चिकटलेली गोचीड सापडली तर रॉकेल, तेल, चुना, पेटती काडी यांपैकी काहीही तिच्या वाटेला न्यायचे नाही. असे काही केले की ती सोडून जाते हा समज फार जुना आहे. प्रत्यक्षात ती बिथरून पोटातला ऐवज जखमेत ओकू शकते, आणि काडीने कातडी भाजते ते वेगळेच. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. तो गोचिडीच्या फुगलेल्या पोटाला न लावता कातडीला टेकवून, सोंडेच्या बुडाशी धरावा आणि न पिळता, न झटकता, सरळ वर ओढावा. आधी कातडीचा लहानसा तंबू वर उचलला जातो, ओढ तशीच धरून ठेवली की काही सेकंदांत पकड सुटते. सोंडेचा तुकडा आत राहिला आणि चिमट्याने सहज निघाला नाही तर कोरत बसू नये. कातडी तो आपोआप बाहेर टाकते. जागा साबणाने आणि जंतुनाशकाने धुवावी. गोचीड नखाने चिरडायची नाही, गुरे राखणाऱ्यांत ती सवय सर्रास असली तरी. चिकटपट्टीत बंद करून टाकावी आणि त्याआधी मोबाइलवर तिचे छायाचित्र घ्यावे. चाव्याची तारीख आणि ठिकाण लिहून ठेवणे उत्तम.

त्यानंतर दोन-तीन आठवडे ताप, पुरळ किंवा तीव्र डोकेदुखीवर लक्ष ठेवावे. ताप आला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की अमुक दिवशी अमुक जंगलात होतो. मुंबई-पुण्यातल्या दवाखान्यात तापाची पहिली शंका डेंगी, मलेरिया किंवा टायफॉइडची घेतली जाते आणि ती चूक म्हणता येत नाही. तिलारी किंवा सत्तरी हा शब्द कानावर पडला तरच तपासण्यांची दिशा बदलते. माकडतापाचा विषाणू पहिल्या आठवड्यात रक्ताच्या आरटी-पीसीआर चाचणीत सापडतो, नंतर प्रतिपिंडांच्या चाचणीत. रक्तस्रावाची शक्यता असल्याने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. तापासाठी पॅरासिटामॉल पुरे.

परदेशात राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी माणसांसाठी चित्र थोडे बदलते. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट या अमेरिकी राज्यांत, जिथे मराठी वस्ती दाट आहे, लाइम रोगाच्या गोचिडी घराच्या परसातही असतात. कनेटिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात १९७५ साली मुलांमधल्या सांधेदुखीमुळे हा रोग उजेडात आला. त्याचा जिवाणू विली बर्गडॉर्फर यांनी पुढे ओळखला. तिथे हंगाम उलटा, वसंतापासून उन्हाळ्यापर्यंतचा. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत हळूहळू पसरणारा लाल चट्टा ही त्याची खूण, आणि ती बहुतेकांत दिसते. जिवाणू शरीरात जायला गोचीड साधारण २४ तासांहून जास्त चिकटलेली असावी लागते, म्हणून रोजची तपासणी तिथे विशेष फळते. धोक्याच्या भागातली गोचीड बराच वेळ चिकटून होती असे दिसले तर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एक डोस देण्याची पद्धत आहे. तो निर्णय डॉक्टरांचा. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि बाल्टिक देशांत लाइमच्या जोडीला गोचीडजन्य मेंदूज्वरही आहे. हा माकडतापाचाच भाऊबंद. त्याचा विषाणू चावल्यावर थोड्याच वेळात अंगात जातो, त्यामुळे गोचीड लवकर काढूनही हमी मिळत नाही. पण त्यावर चांगली लस आहे. स्टुटगार्ट किंवा म्युनिकला शिकायला जाणाऱ्या आणि शनिवार-रविवारी जंगलात फिरणाऱ्या मुलांनी ती तिथे पोचल्यावर विचारून घ्यावी. मूळ डोस तीन असतात, म्हणून हंगामाच्या बऱ्याच आधी सुरुवात करावी लागते. अशा देशांतून परतल्यावर महिनाभरात ताप किंवा पसरता चट्टा दिसला तर इथल्या डॉक्टरांना देश आणि महिना दोन्ही सांगावेत, कारण लाइमचे नाव त्यांच्या मनात आपसूक येण्याची शक्यता कमी.